लय पखवाजाची, फजिती टाळकऱ्यांची

अगं पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, कंट्रोलर चालू असतानाच त्याचा क्लॉक कमी-जास्त करायचाय. एका ओळीचं तर काम आहे ना?" मी हसले आणि तुला राग आला. तुला नव्हते गं हसले, स्वतःलाच हसले. ती एक ओळ मीही लिहिली होती आणि तिच्यापायी तुझ्या बाबांची वांगी बुडाली. ते पुढे सांगतेच.

आमच्या वेळी ही चैन नव्हती. ८०५१ च्या बोर्डाचा वेग बदलायचा तर सोल्डरिंग गन तापवायची, क्रिस्टल उपटायचा, लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणून लावायचा. त्या खटाटोपात विचार करायला आपोआप वेळ मिळायचा. तुम्हाला तो मिळत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. आकडे देताना तुझ्या टेबलावरच्याच दोन चिपा धरल्या आहेत: आर्डुइनो उनोवरची एटीमेगा ३२८पी आणि त्या निळ्या बोर्डावरची एसटीएम३२ एफ१०३.

१. कोडला हात लावण्याआधी कागदावर यादी कर, या क्लॉकवर घरातलं कोण कोण जेवतं त्याची – सिरीयल, टायमर, पीडब्ल्यूएम, एडीसी, आयटूसी, एसपीआय, डिलेच्या लूप, सगळे एकाच ताटातले. ३२८पी चा प्रीस्केलर फिरवलास की सीपीयूबरोबर या सगळ्यांचा वेग तेवढाच उतरतो. भजनात पखवाजवाल्याने न सांगता लय बदलली तर तो साळसूद दिसतो आणि लोक बघतात टाळकऱ्यांकडे.

२. त्याच कागदावर दुसरा रकाना कर, कोण जेवत नाही त्याचा – वॉचडॉगचा १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर वेगळा असतो आणि ३२.७६८ किलोहर्ट्झच्या घड्याळी क्रिस्टलवर चालवलेला टायमर दोनही वेगळा. तुझा वेग बदलल्याचं त्यांना कळतही नाही.

३. म्हणून वेग उतरवलास की वॉचडॉगची मुदत पुन्हा बघ – १६ मेगाहर्ट्झवर २०० मिलिसेकंदात होणारं काम २ मेगाहर्ट्झवर १.६ सेकंद घेतं, आणि एका सेकंदावर लावलेला कुत्रा मालकालाच चावतो.

४. तारीख-वेळ ठेवायची असेल तर ती त्या ३२.७६८ किलोहर्ट्झवरच ठेव – ३२७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद. घरात एक तरी घड्याळ असं असावं ज्याला कुणी हात लावत नाही.

आता वांग्यांची गोष्ट. तुझ्या बाबांच्या ठिबकाला मी उनोचा बोर्ड आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावून दिला होता. पहाटे पाचला दहा मिनिटं पाणी, मग बंद. बॅटरी लवकर उतरते म्हणाले, म्हणून मी घरी टेबलावर बसून १६ चे २ मेगाहर्ट्झ केले. मीटर लावला, करंट झपकन खाली आला, मी खूश. एलईडी लुकलुकत होता, जरा सावकाश वाटला खरा, पण मनात म्हटलं, डोळेच थकलेत. तसाच नेऊन शेतात लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुझे बाबा बांधावर उभे, सऱ्यांमध्ये पाणी तुंबलेलं, रोपांनी माना टाकलेल्या. दहा मिनिटांचं पाणी ऐंशी मिनिटं सुटत होतं. आठाने भागलं होतं ना मी, मग डिले आठपट लांबला. ते मला काहीच बोलले नाहीत, फक्त गड्याला म्हणाले, "ताईंच्या यंत्राचं घड्याळ बंद पडलंय वाटतं." बंद पडलं असतं तर बरं होतं गं.

५. कोडात लिहिलेला एफ_सीपीयू म्हणजे जन्मपत्रिका, नाडी नव्हे – तो कंपाइल करतानाच ठरतो. चालू असताना वेग बदललास तरी _डिले_एमएस जुन्याच आकड्याने मोजत बसतं.

६. सध्याचा वेग एका व्हेरिएबलमध्ये ठेव आणि सगळ्यांनी तिथूनच विचारायचं असा घरचा नियम कर – दोन ठिकाणी लिहिलेला आकडा एके दिवशी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

७. वेग बदलायचं फंक्शन एकच असू दे आणि तेच सगळ्यांना कळवू दे – रजिस्टरला कुठूनही हात घालायची मुभा दिलीस तर बिघाड शोधताना आख्खं घर उकरावं लागेल.

८. ३२८पी मध्ये सीएलकेपीआर रजिस्टरला आधी फक्त परवानगीचा बिट लिही आणि चार चक्रांच्या आत नवा आकडा लिही, आणि तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेव – मध्येच इंटरप्ट आला तर चार चक्रं उलटतात, दार परत लागतं आणि वेग आहे तोच राहतो, तुला पत्ताही लागत नाही.

९. हे हाताने लिहिण्यापेक्षा एव्हीआर-लिबसीमधलं क्लॉक_प्रीस्केल_सेट वापर – ते चार चक्रांत बसवण्याचं काम कुणीतरी आधीच नीट करून ठेवलंय. आयतं पुरण मिळतंय तर डाळ कशाला वाटायची.

१०. लिहून झाल्यावर रजिस्टर परत वाचून बघ – दिलेला निरोप आणि पोचलेला निरोप यांत आपल्या घरातही फरक पडतो.

११. भाजक निवडताना घाई करू नकोस – ३२८पी तुला १ पासून २५६ पर्यंत दुपटीदुपटीच्या पायऱ्या देते, पण सगळ्या पायऱ्यांवर सगळ्यांचे पाय पुरत नाहीत.

हा मुद्दा जरा पसरून सांगते, कारण इथेच खरी गंमत आहे. वही घे. १६ मेगाहर्ट्झवर ९६०० बॉड हवा असेल तर यूबीआरआरमध्ये आपण १०३ टाकतो, म्हणजे खरा भाजक १०४. येणारा बॉड ९६१५, चूक ०.२ टक्के, इतकं चालतं. आता क्लॉकला आठाने भाग. १०४ ला आठाने भाग जातो, १३ येतात, रजिस्टरात १२ टाकायचे. बॉड पुन्हा ९६१५, एका अंकाचा फरक नाही. टायमर झिरोचा प्रीस्केलर ६४ होता तो ८ कर: आधी १६ भागिले ६४, आता २ भागिले ८, दोन्हीकडे २५० किलोहर्ट्झ. मिलिसची वेळ जिथल्या तिथे. एडीसीचा १२८ होता तो १६ कर: १२५ किलोहर्ट्झ आधीही आणि आताही. तीन आकडे बदलले आणि घरात कुणाला कळलंही नाही की मालकाचा पगार कमी झालाय.

आता हाव सुटून १६ ने भाग. १०४ भागिले १६ म्हणजे साडेसहा. तो अर्धा कुठे ठेवणार? सात धरलेस तर बॉड ८९२९, सात टक्के कमी, आणि सिरीयलचा धीर दोनेक टक्क्यांतच सुटतो. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. यावर उपाय आहे, यूटूएक्स बिट चढवला की १ मेगाहर्ट्झवर पुन्हा १३ चा भाजक बसतो आणि ९६१५ परत येतो. पण टायमरचं काय? ६४ भागिले १६ म्हणजे ४, आणि टायमर झिरोच्या पायऱ्या १, ८, ६४, २५६, १०२४. चारची पायरीच नाही. म्हणून मी आठावर थांबते. मी केलेल्या बोर्डांत दोनच वेग असतात, पूर्ण आणि आठवा हिस्सा, मधलं काही नाही.

जुन्या ८०५१ वाल्यांना हे आधीच ठाऊक होतं. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल दुकानात मागितला की नवीन पोरं विचारायची, हा काय विचित्र आकडा. त्याला १२ ने, मग ३२ ने, मग ३ ने भाग, बरोबर ९६०० येतात. वेगाचा आकडा सिरीयलच्या सोयीने निवडायचा ही युक्ती तेव्हापासूनची.

१२. डिलेमायक्रोसेकंड्सवर मात्र विसंबू नकोस – टायमर सावरलास तरी ते चक्रं मोजतं, टायमरकडे बघतच नाही. आठपट लांब होईल.

१३. वेग बदलण्याआधी सिरीयलचं शेवटचं अक्षर बाहेर पडेपर्यंत थांब, बफर रिकामा झाला एवढ्यावर भागत नाही – अक्षर शिफ्ट रजिस्टरात अर्धं गेलेलं असतं. टीएक्ससी बिट उठला की मग समज की पाहुणे खरंच फाटकाबाहेर पडले.

१४. समोरचा कधी बोलेल ते तुझ्या हातात नसेल तर त्याच्याशी आधी ठरव – तू वेग बदलत असताना आलेलं अक्षर कुणाचंच नसतं.

१५. एडीसीचं मोजमाप आणि ईईप्रॉममधलं लिखाण चालू असेल तर ते संपू दे – सुईत दोरा ओवताना कुणी दिवा हलवत नाही.

१६. वेग उतरवून एडीसीचा प्रीस्केलर तसाच ठेवलास तर आकडे येतील, पण त्यांच्यावर जीव टाकू नकोस – पूर्ण दहा बिटांसाठी त्याला ५० ते २०० किलोहर्ट्झ हवेत. २ मेगाहर्ट्झवर १२८ चा भाजक ठेवला तर मिळतात जेमतेम १५.६.

१७. सर्वो मोटर जोडलेली असेल तर आधी तिचा पुरवठा काढ, मग प्रयोग कर – दीड मिलिसेकंदाचा पल्स आठपट म्हणजे बारा मिलिसेकंदांचा होतो आणि बिचारी काय समजायचं ते समजते. माझ्या हातातला चहा एकदा तिनेच सांडलाय.

१८. ते रंगीत एलईडींचे पट्टे, डब्ल्यूएस२८१२, हळू वेगावर चालवायचा हट्ट धरू नकोस – त्यांचा एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांचा, १६ मेगाहर्ट्झवर त्यात वीस चक्रं बसतात, २ वर अडीच. अडीच चक्रांत पाटही मांडून होत नाही, जेवण कुठलं वाढणार.

१९. तापमानाचा डीएस१८बी२० वाचताना पूर्ण वेगावर ये – त्याचे साठ मायक्रोसेकंदांचे खण हाताने मोजावे लागतात, आणि हळू चिपेचा हात थरथरतो.

२०. एसपीआय आणि आयटूसी मास्टर असतील तर बहुतेक वेळा नुसते सावकाश चालतात, त्यांची फार काळजी नको – क्लॉकची तार तेच हलवतात, समोरचा त्यांच्या मागे चालतो. मात्र तुझी चिप आयटूसीवर स्लेव्ह असेल तर ३२८पी चा क्लॉक त्या तारेच्या सोळापट तरी हवा.

२१. इंटरप्टच्या आत बसून वेग बदलू नकोस – कुणाचं वाक्य अर्ध्यावर तोडून तू आत आलीस ते तुला माहीत नसतं. आत फक्त खूण कर, बाहेर आल्यावर बदल.

२२. दोन कामं वेगवेगळा वेग मागत असतील तर "किती जणांना जोरात हवंय" याची मोजणी ठेव, शून्य झाली तरच उतर – नाहीतर एक जण पंखा बंद करून जातो आणि दुसरा घामाघूम.

२३. वर जाताना आणि खाली येताना क्रम उलटा असतो, हे भिंतीवर लिहून ठेव: चढताना आधी कठडा धर मग पाऊल टाक, उतरताना आधी पाऊल टाक मग कठडा सोड.

२४. म्हणजे काय, तर वेग वाढवण्याआधी व्होल्टेज वाढव, फ्लॅशचे वेट स्टेट वाढव, मग क्लॉक. उतरताना आधी क्लॉक, मग वेट स्टेट, मग व्होल्टेज – फ्लॅश मेमरीचा हात तेवढा जलद नसतो. तिने वाढायच्या आत सीपीयू घास घेऊन मोकळा होतो आणि ताटात काय होतं ते देवाला ठाऊक.

२५. एफ१०३ चे आकडे पाठ कर: २४ मेगाहर्ट्झपर्यंत शून्य वेट स्टेट, ४८ पर्यंत एक, ७२ पर्यंत दोन – हे विसरलीस तर चिप कधी चालते, कधी हार्ड फॉल्टला जाते, आणि तू तीन दिवस स्वतःच्या पॉइंटरांवर संशय घेतेस.

२६. पीएलएल चालू असताना त्याचे आकडे बदलता येत नाहीत, म्हणून आधी आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या एचएसआयवर उतर, पीएलएल बंद कर, बदल, चालू कर, तयार झाल्याची खूण बघ आणि मगच परत चढ – चालत्या बैलगाडीचं चाक कुणी बदलत नाही, आधी बैल सोडतात.

२७. "त्यावर जा" एवढं सांगून पुढे पळू नकोस, एसडब्ल्यूएस बिट वाचून खरंच गेला का ते बघ – होकार देणारे सगळेच उठत नाहीत, हे तुला मी सांगायला हवं का? रविवारी सकाळी अकरापर्यंत कोण लोळतं?

२८. वाट बघणाऱ्या प्रत्येक लूपला मर्यादा घाल – बाहेरचा क्रिस्टल थंड सोल्डरमुळे सुरूच झाला नाही तर तुझा बोर्ड जन्मभर दारात उभा राहील. मर्यादा संपली की एचएसआयवरच काम चालू ठेव आणि तसं कळव.

२९. ७२ वर चढण्याआधी एपीबी१ ला दोनाने आणि एडीसीला सहाने भागून ठेव – एपीबी१ ची मर्यादा ३६ मेगाहर्ट्झ आणि एडीसीची १४. चढल्यावर भागायला गेलीस तर मधले काही क्षण ते पळवलेले असतात.

३०. यूएसबी जोडलेली असेल तर एफ१०३ चा वेग खाली नेण्याचा विचार सोड – तिला बरोबर ४८ मेगाहर्ट्झ लागतात, ७२ ला दीडने भागून येतात तेच.

३१. सिस्टिमकोअरक्लॉकअपडेट बोलावलंस म्हणजे सगळं झालं असं नाही – ते फक्त व्हेरिएबल बदलतं. सिसटिकचा आकडा तुलाच परत भरायचा: ७२ वर मिलिसेकंदाला ७२०००, ८ वर ८०००.

३२. फ्लॅशमध्ये काही लिहायचं असेल तर एचएसआय बंद करून ठेवू नकोस – एफ१०३ मध्ये लिहिण्या-पुसण्याच्या कामाला तो चालूच असावा लागतो, तुझा मुख्य क्लॉक भले क्रिस्टलवरून येत असो.

३३. स्टॉप मोडमधून उठल्यावर एफ१०३ आपल्या जुन्या वेगावर उठत नाही, एचएसआयवर उठते – झोपेतून उठलेल्या माणसाला आधी चूळ भरू द्यावी, मग हिशेब विचारावा.

याने मला तीन दिवस रडवलं. बोर्ड झोपायच्या आधी ११५२०० वर सुरेख बोलायचा, उठल्यावर नुसता कचरा. मी केबल बदलली, लॅपटॉप बदलला, पसायदानही म्हणून झालं. शेवटी कंटाळून सिरीयलच्या खिडकीत १२८०० टाकलं, म्हणजे ११५२०० चा नववा हिस्सा, आणि कचऱ्यातून "बॅटरी ठीक" असा मजकूर स्वच्छ उघडला. ७२ चे ८ झाले होते, बस्स. तेव्हापासून कुठेही सिरीयल बिघडली की मी आधी प्रमाण काढते: दोनाने, आठाने, नवाने भागून बघते. कुठल्या आकड्यावर तो शुद्धीवर येतो, त्यावरून क्लॉकचा ठावठिकाणा लागतो.

३४. बिघाड शोधायला क्लॉक बाहेर काढून बघ – एफ१०३ मध्ये पीए८ वर एमसीओ आहे. ३२८पी मध्ये फ्यूज लावलास तर पीबी० वर, म्हणजे उनोच्या ८ नंबरच्या पिनवर, प्रीस्केलरनंतरचा खरा क्लॉक येतो.

३५. स्कोप नसेल तर मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर बोर्डाजवळ ठेव – १ मेगाहर्ट्झ बरोबर त्या पट्ट्यात येतो, आणि वेग बदलला की खरखरीचा सूर बदललेला ऐकू येतो. आजोबांचा अजून माळ्यावर आहे.

आता बॅटरीचं. यासाठीच तू सगळं आरंभलंस, आणि हेच लोक सगळ्यात शेवटी मोजतात.

३६. नुसता वेग अर्धा केलास म्हणून बॅटरी दुप्पट चालत नाही – करंट साधारण अर्धा होतो पण तेच काम दुप्पट वेळ चालतं, हिशेब तिथेच. वर बोर्डावरचा रेग्युलेटर आणि पॉवरचा एलईडी दुप्पट वेळ फुकट जेवतात.

३७. खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे – चिपेतला खर्च वेगाच्या पटीत वाढतो पण व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. ५ चे ३.३ केलेस तर त्याच कामाला जवळजवळ ४४ टक्के ऊर्जा पुरते. वेग उतरवायचा तो व्होल्टेज उतरवता यावं म्हणून.

३८. व्होल्टेज आणि वेगाची जोडी डेटाशीटमधल्या आलेखावरून ठरव – ३२८पी ला २० मेगाहर्ट्झसाठी ४.५ व्होल्ट, १० साठी २.७ आणि ४ साठी १.८ लागतात, मधलं सरळ रेषेत. ३.३ व्होल्टला १३ च्या जरा पुढपर्यंत जाता येतं. ३.३ व्होल्टच्या प्रो मिनीवर ८ मेगाहर्ट्झ का बसवलाय, ते आता तुझं तूच समज.

३९. "माझा तर ३.३ व्होल्टवर १६ चालतो" असं म्हणणाऱ्या मित्राला चहा पाज, पण त्याचं ऐकू नकोस – टेबलावर चालणं आणि नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात चालणं यांत फरक आहे.

४०. ब्राउन-आउटची पातळी सगळ्यात मोठ्या वेगाकडे बघून लाव – २.७ वर लावून १६ मेगाहर्ट्झ पळवलास तर बॅटरी उतरताना बराच काळ चिप अंगात ताप असताना काम करते आणि राखणदार झोपलेला असतो. १६ ला ४.३ लाव, नाहीतर वेग तरी उतरव.

४१. वाट बघण्यासाठी हळू धावण्यापेक्षा भरभर काम उरकून झोप – पॉवर-डाउनमध्ये ३२८पी मायक्रोअँपिअरच्या अंशावर येते. फक्त क्रिस्टलला उठायला १६ हजार चक्रं, म्हणजे १६ मेगाहर्ट्झवर साधारण एक मिलिसेकंद लागतो, तो हिशेबात धर. घटकाघटकाला उठवलंस तर जांभई देण्यातच बॅटरी जाईल.

४२. चिपेच्या पायाशी १०४ चा कपॅसिटर आहे ना, ते बघ – वेग एकदम वाढला की करंटही एकदम मागितला जातो, आणि लांबचा रेग्युलेटर तेवढ्या लवकर धावत येत नाही. हातखर्चाचे पैसे उशाशी हवेत.

४३. आतल्या आरसी ऑसिलेटरवर सिरीयल चालवायची असेल तर आधी मोजून घे – कारखान्यातून तो दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. ओएससीसीएएल हलवायचंच तर एकेक पायरी हलव, आणि ईईप्रॉम लिहीत असशील तर ८.८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नकोस, कारण त्या लिखाणाची वेळ तोच मोजतो.

४४. कोऱ्या ३२८पी मध्ये आठाने भागणारा फ्यूज लावलेलाच असतो, ८ चा १ मेगाहर्ट्झ झालेला – "नवी चिप आळशी आहे" म्हणून मी एकदा दुकानदाराशी भांडायला निघाले होते. तुझे काका मध्ये पडले म्हणून अब्रू वाचली.

४५. हळू चिपेला प्रोग्राम करताना प्रोग्रामरचाही वेग उतरव – प्रोग्रामरचा क्लॉक चिपेच्या पावपटीपेक्षा कमी हवा. १ मेगाहर्ट्झला २५० किलोहर्ट्झच्या आत. चिप मेली असं ठरवण्याआधी एव्हीआरड्यूडला मोठा बी देऊन बघ. बाहेरच्या क्लॉकचा फ्यूज चुकून लागला असेल तर दुसऱ्या बोर्डावरून एक्सटाल१ ला क्लॉक पाज, उठून बसेल.

४६. रीसेट झालं की प्रीस्केलर फ्यूजमध्ये लिहिलेल्या वेगावर परत जातो, म्हणून सुरुवातीलाच वेग स्वतः ठरव. उलट, रीसेट न करता थेट बूटलोडरमध्ये उडी मारणार असशील तर आधी पूर्ण वेगावर ये – नाहीतर तो बिचारा आपल्या नेहमीच्या बॉडवर बोलतोय असं समजून बडबडत राहतो.

४७. तपासणीचा बोर्ड आणि मोबाइलचं घड्याळ शेजारी ठेव आणि दर तासाला दोन्ही वेळा वहीत लिही – करंट कमी झाला हे मीटर सांगतो, वेळ लांबली हे मीटर सांगत नाही.

४८. शेतात लावण्याआधी व्हॉल्व्ह एक रात्रभर आपल्या न्हाणीघरातल्या बादलीवर चालव – दहा मिनिटांत बादली कुठवर भरते तिथे खडूने रेघ मार, आणि सकाळी बघ. रेघेच्या वर गेली तर मला फोन कर, बाबांना नको. मोरी जवळच आहे.